हूल

आमच्याकडं पंचमीला नांगर धरत नाहीत. विळा चालवत नाहीत, काही चिरत नाहीत, चुलीवर तवा ठेवत नाहीत. बायका नवी लुगडी नेसून वारुळाला जातात, माहेराला आलेल्या पोरी लिंबाच्या फांदीला झोके बांधतात. गडी माणसांना मात्र दिवसभर काम नसतं. वरून श्रावणाची भुरभुर चालू असते. मग गडी पत्ते काढतात. पंचमीला निघालेले पत्ते पोळ्याला आत ठेवायचे, असा रिवाज. ज्यांचे आत जात नाहीत त्यांच्या घरात पुढं काय होतं, ते गावाला माहीत असतं.

गाव आमचं परभणी जिल्ह्यातलं, गोदावरीच्या काठचं. शहरात ज्याला तीन पत्ती म्हणतात त्याला आमच्याकडं तिरट म्हणतात. मूळ खेळ इंग्रजांचा. त्यांच्याकडं त्याचं नाव ‘ब्रॅग’, म्हणजे बढाई मारणं. इंग्रजांनीच १८८७ साली जुगाराविरुद्ध कायदाही केला आणि तो अजून चालू आहे. तालुक्याच्या जीपचा आवाज आला की पाच माणसं पाच दिशांच्या ज्वारीत शिरायची, ती त्या कायद्यामुळं. म्हणून गावात कोणी खेळत नसे. खेळ चालायचा आखाड्यावर. आमच्याकडं शेतातल्या गोठ्याला आखाडा म्हणतात. चार खांब, वर पत्रे, एका बाजूला बैल, दुसऱ्या बाजूला कडबा आणि मधे पोतं अंथरून बसायची जागा.

मी सांगतोय ते १९८८ सालचं. मी परभणीला बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि पंचमीसाठी गावी आलो होतो. आधीची दोन-तीन वर्षं पावसानं ओढ दिली होती. त्या साली मात्र तो मन लावून पडत होता. कापूस गुडघ्याच्या वर आला होता. अण्णा सकाळ-संध्याकाळ बांधावर उभे राहून नुसते बघत राहायचे.

पंचमीच्या दिवशी सकाळी मामा ओसरीखाली येऊन उभे राहिले. मामा आमचे सालगडी. पाडव्याला साल धरायचं आणि पुढच्या पाडव्याला सोडायचं, अशी आमच्या घरात त्यांची अकरा सालं झाली होती. नातं काही नव्हतं. त्यांचं गाव मायच्या माहेराच्या शिवेला लागून, म्हणून आम्ही भावंडं त्यांना मामा म्हणायचो. सालाचे पैसे ठरलेले असायचे. त्यातूनच अडीनडीला उचल घ्यायची. पाडव्याला हिशेबाला बसलं की वर्षाच्या घामाचं हातात यायचं ते अगदी थोडं.

“मालक, लेकीची पहिली पंचमी हाय. बोळवण कराय लागंल,” मामा म्हणाले.

अण्णांनी मला कपाटातून दीडशे रुपये काढून द्यायला सांगितलं. शंभराची एक आणि दहाच्या पाच नोटा मी मोजून मामांच्या हातावर ठेवल्या. शंभराच्या नोटेच्या कोपऱ्याला निळ्या शाईचा डाग होता. माझ्याच पेनाचा. परभणीहून येताना ती वहीत ठेवली होती, तेव्हा पडलेला. त्याच कपाटातून अण्णांनी मला सहाशे रुपये दिले. “उद्या दिवस उगायच्या आत मामाला घेऊन गाडी जुंपा. पाच पोती युरिया आणा. कापूस पिवळा पडायच्या आधी खत पडलं पाहिजे.”

तेव्हा युरियाचं पोतं एकशे सतरा-अठरा रुपयांना मिळायचं. पाच पोत्यांना सहाशे पुरून दहा-वीस रुपये उरायचे. ते पैसे मी सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवले आणि दिवस मावळताना आखाड्यावर गेलो.

डाव आधीच मांडला होता. शिंप्याचा थोरला, पोष्टातले तात्या आणि शेजारच्या मळ्यातले दोघं भाऊ. पाचवा मी. माझ्याजवळ स्वतःचे वीस रुपये होते. ते अर्ध्या तासात गेले. उठायला पाहिजे होतं. उठलो नाही. शंभराची एक नोट मोडली. नोट मोडेपर्यंत ती खताची असते. एकदा मोडली की ती सुट्टे पैसे होते, आणि सुट्ट्या पैशावर कुणाचं नाव नसतं.

तेवढ्यात दोघा भावांतल्या धाकट्याला घरून बोलावणं आलं. मामा बैलांपुढं वैरण टाकत होते. “बसा की मामा, पाच लागतात,” तात्या म्हणाले. मामांनी हात धोतराला पुसले आणि पोत्याच्या कडेला बसले.

मामांचा खेळ सगळ्यांना पाठ होता. पान आलं तर चाल, नाही आलं तर पॅक. पाच-दहा रुपये गेले की उठून जायचं. त्यांनी हूल दिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. हूल म्हणजे हातात काही नसताना असल्यासारखं खेळणं. बैलानं मारायला आल्यासारखं करावं आणि मारू नये, तसं. बाकीचे सगळे हूल द्यायचे, शिंप्याचा तर सारखा. मामा कधीच नाही. त्यामुळं मामांची चाल पडली की लोक पानं टाकून मोकळे व्हायचे. त्या रात्री त्यांनी असाच एक डाव उचलला, शंभर-सव्वाशेचा. त्यात माझे बरेच होते. दहा-दहाच्या नोटांनी मामांचा बंडीचा खिसा फुगला.

ज्यांनी कधी पत्ते हातात धरले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. प्रत्येकानं मधे ठरलेले पैसे टाकायचे, त्याला बूट म्हणतात. आमचा बूट दोन रुपयांचा होता. मग प्रत्येकाला तीन पानं. पानं न बघता खेळलं तर ब्लाइंड, त्याला निम्मी चाल. बघून खेळलं तर पूर्ण. तिन्ही पानं एकाच आकड्याची आली तर त्याच्यावर काही नाही. त्याखाली एका रंगाची लागोपाठची पानं, त्याखाली नुसती लागोपाठची, मग नुसता रंग, मग जोडी आणि शेवटी काहीच न जुळलेली. दोघंच उरले की शो मागता येतो, पण फुकट नाही. समोरच्याची चाल भरायची आणि मगच त्याची पानं बघायची. दोघांची पानं बरोबरीची निघाली तर शो मागणारा हरतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम असा की ज्यानं पॅक केलं त्याला समोरची पानं बघायचा हक्क नाही. जिंकणारा आपली पानं उपडीच गड्डीत सारतो.

तो डाव वाटला तेव्हा नऊ-साडेनऊ झाले असतील. मी पानं उघडली. बदामची राणी, किलवरची राणी आणि एक नव्वी. मी दहाची चाल केली. तात्यांनी आणि मळ्यातल्या थोरल्यानं पानं टाकली. शिंप्याच्यानं दहा टाकले. मामांनी पानं न बघता पाच टाकले. मी वीस केले, शिंप्याच्यानं वीस भरले. मग मामांनी पानं उचलली. कंदिलाकडं तिरकी धरून एकदाच बघितली आणि गुडघ्याखाली दाबली. वीस टाकले. मी चाळीस केले. शिंप्याचा हसला, “मामानं पान बघून टाकलंय बाबा,” म्हणाला आणि उठून लघवीला गेला. मामांनी चाळीस टाकले. दहाच्या चार नोटा, एकावर एक.

आता आम्ही दोघंच. मी ऐंशी टाकले. आवाज मोठा करून टाकले, म्हणजे मामा पॅक करतील.

मामांनी बिडी पेटवली. मग बंडीत हात घालून एक नोट काढली, मांडीवर सरळ केली आणि मधे ठेवली. शंभराची. कोपऱ्याला निळा डाग.

ती नोट बघून माझ्या अंगातून काहीतरी सरकत गेलं. सकाळी मीच मोजून दिलेली. लेकीची बोळवण.

आता मी गणित शिकवतो. अकरावीच्या पोरांना संभाव्यता शिकवताना बावन पत्त्यांचं उदाहरण द्यावंच लागतं. बावन पानांतून तीन पानं २२,१०० तऱ्हांनी येऊ शकतात. त्यांतल्या १६,४४० तऱ्हांत काहीच जुळत नाही. तिन्ही सारखी पानं येण्याच्या तऱ्हा फक्त ५२. माझ्या राण्यांच्या जोडीला हरवतील अशी पानं साधारण नऊ डावांत एकदा येतात. आणि पैशाचा हिशेब असा. मधे साडेतीनशेच्या वर पडले होते. शो मागायला शंभर लागणार होते. म्हणजे अशी वेळ चारदा आली, तीनदा मी हरलो आणि चौथ्यांदा समोरचा हूल देत असला, तरी शो मागणारा फायद्यात राहतो. फळ्यावर मांडलं तर प्रश्न दोन ओळींत सुटतो. शो मागायचा.

पण फळ्यावर मामा नसतात. नऊ डावांत एकदा हे गणित कुठल्याही पानांचं असतं. एखाद्या माणसानं तीच पानं बघून, दाबून ठेवून, त्यावर शंभराची नोट ठेवली की ते गणित तिथं थांबतं. तिथून पुढं माणूस वाचावा लागतो. मी मामा वाचायला लागलो.

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर मला काहीतरी कळलं असतं, असं वाटलं. ते बैलांकडं बघत होते. बिडीचा हात हलत नव्हता. अकरा वर्षांत हा माणूस एकदाही खोटं खेळला नव्हता. आणि आता लेकीच्या लुगड्याचे पैसे मधे ठेवत होता. उचलीचा पैसा. पुढच्या पाडव्यापर्यंत राबून फेडायचा. असला पैसा माणूस हुलीवर लावील का? शिंप्याच्या पोरानं लावले असते. तात्यांनी लावले असते, त्यांना पगार होता. मामा कसे लावतील? त्यांना परवडतच नाही. म्हणजे पानं आहेत. एका रंगाची तरी आहेत.

माझ्या खिशात तीनशे अडुसष्ट रुपये उरले होते. शंभर भरून हरलो तर दोनच पोती येतील. अण्णा बांधावर उभे असलेले दिसले.

आणि आणखी एक विचार आला. तो पुढं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत राहिलो, म्हणून लिहितो. शो मागून मी जिंकलोच तर? मामांच्या लेकीचं लुगडं मी उचलणार का?

“पॅक,” मी म्हणालो आणि राण्या उपड्या ठेवल्या.

मामांनी हूं की चूं केलं नाही. गुडघ्याखालची पानं काढून गड्डीच्या मधोमध सारली. पैसे गोळा केले, नोटा नोटांत आणि चिल्लर चिल्लरीत. “बैलाला पानी दावायचं हाय,” म्हणून उठले. त्या रात्री ते परत डावाला बसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही गाडी जुंपली. तालुक्याचा रस्ता सात-आठ कोसांचा, त्यात चिखल. मामा धुरीवर, मी मागं पोत्यावर. जाताना दोघंही बोललो नाही. दुकानात मी तीन पोती मागितली. मामांनी पाठीवरून ती गाडीत आणून टाकली आणि चौथ्यासाठी वळले. मी मान हलवली. त्यांनी काही विचारलं नाही. दुकानदारानं दिलेली पावती मी खिशात घातली.

परतताना ओढ्यापाशी बैलांना पाणी पाजलं. तिथं मामा म्हणाले, “मालक इचारतील.”

“हो.”

“ती पावती फेका.”

मी फेकली. ओढ्याच्या पाण्यात ती दोन वळणं गेलेली दिसली.

“बोलू नगा. मी बोलतो.”

घरी आलो तेव्हा अण्णा अंगणात उभे होते. त्यांनी पोती मोजली. तीन मोजायला वेळ लागत नाही, तरी त्यांनी दोनदा मोजली.

“तीनच?”

“खत न्हाई मालक बाजारात,” मामा म्हणाले. “रांगा लागल्यात. बलॅकनं घ्यावं लागलं. दोनशे रुपये पोतं. म्या म्हनलं तीन तर तीन, कापूस पिवळा पडन्यापरीस बरं.”

बोलताना आवाजात चढ नाही, उतार नाही. काल रात्री बिडीचा हात होता तसा. खताची ओरड तेव्हा दर पावसाळ्यात असायचीच, त्यामुळं गोष्ट न पटण्यासारखी नव्हती. सहाशेचा हिशेबही पैशासकट जुळत होता. काळ्या बाजाराची पावती कोण देतो? म्हणजे पावती मागायचीही सोय नव्हती. इतकी बंद गोष्ट मामांनी सात-आठ कोसांच्या चिखलात बसून जुळवली होती.

अण्णांनी मामांकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मी बैलांकडं बघितलं.

त्यांना शो मागणं अवघड नव्हतं. त्याच दिवशी गावातले आणखी दोघं खत आणायला गेले होते. अण्णांनी पाराकडं जाऊन त्यांना विचारलं असतं तर भाव कळला असता. ते म्हणाले, “बरं. पोती आत घ्या, पाऊस येईल.”

चार दिवसांनी अण्णा स्वतः तालुक्याला गेले. एसटीनं गेले आणि दुसऱ्याच्या गाडीत दोन पोती टाकून आले. पैसे कुठून आणले, मला माहीत नाही. मायच्या गळ्यातलं काही कमी झालं नव्हतं, तेवढं मी बघून घेतलं. दोन पोती आखाड्यावर उतरली. मामा खत टाकायला गेले, मी मागून घमेलं घेऊन गेलो. पाची पोती पडली.

आमच्या ओसरीच्या खांबाला एक तार होती, खालून वाकवलेली. घरात येणारी प्रत्येक पावती अण्णा तिला टोचून ठेवायचे. परभणीला परत जायच्या दिवशी मी चप्पल घालायला ओसरीवर आलो. तारेवर सगळ्यांत वर खताची पावती होती. दोन पोती युरिया, भाव एकशे अठराच्या आतला. ती अशी टोचलेली होती की आकडा बाहेरच्या बाजूला यावा. अण्णा समोर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. “गाडी चुकंल,” एवढंच म्हणाले.

मी गेलो. मागं मायनं पत्रात लिहून घेतलं होतं ते असं की मामाच्या लेकीची बोळवण चांगली झाली, मामानं तिला इरकली लुगडं घेतलं, सगळ्या आळीनं हात लावून बघितलं.

ते वाचून मला बरं वाटलं. मी स्वतःशी ठरवूनच टाकलं की त्या रात्री मी पानं टाकली ती मामांच्या लेकीसाठी. माणसाला आपल्या हरण्याला एक चांगलं नाव लागतं. माझ्या हरण्याला मी दया हे नाव दिलं आणि ते पुढं अठरा वर्षं वापरलं. गावातल्या कुणा गड्याला, कुणा बटईवाल्याला हात आखडता घेताना बघितलं की मला ती रात्र आठवायची आणि आपण निराळे आहोत असं वाटायचं.

२००६ साली अण्णा गेले. तेराव्याला मामा आले. त्यांनी साल धरणं सोडून बरीच वर्षं झाली होती. डोळ्यांना दिसायला कमी आलं होतं, हातात काठी होती. पंगतीला वेळ होता म्हणून आम्ही लिंबाखाली बसलो. अण्णांच्या गोष्टी निघाल्या. बांधावर उभं राहण्याच्या, दोनदा मोजण्याच्या. मग मी विचारलं. इतकी वर्षं विचारलं नव्हतं. पॅक केलेल्यानं विचारायचं नसतं.

“मामा, त्या पंचमीला हातात काय होतं?”

मामांना कुठल्या पंचमीला, असं विचारावं लागलं नाही.

“दुर्री, पंजी, आठ्ठी,” ते म्हणाले. “रंग बी न्हवता.”

मी हसलो. दुसरं काय करणार?

“आन् लेकीचे पैसे लावले तुम्ही त्यावर?”

“लेकीचे कामून लावीन? बंडीत दहाच्या नोटा होत्या की. त्या अगुदरच्या डावातल्या. मोजल्या असत्या तर शंभर भरले असते.”

“मग ती नोट का काढली?”

मामा थोडा वेळ गप्प बसले. काठीनं मातीत रेघ ओढली.

“धाकले मालक, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही पानाकडं बघतच नव्हता. राती आल्यापासून समद्यांच्या खिशाकडं बघत व्हता. म्हनलं, ह्यांना खिसाच दावावा. सकाळची नोट वळखतील. म्हनतील, ह्यो गडी मानूस. ह्याला कुठनं आलंय हूल द्यायचं धाडस?” मग थांबून म्हणाले, “आन् तसंच म्हनलात.”

तसंच म्हणालो होतो. शब्दसुद्धा तेच होते. त्यांना परवडतच नाही. शिंप्याच्या पोराला परवडतं, तात्यांना परवडतं, मला तर खताच्या पैशावर सुद्धा परवडत होतं. मामांना नाही. अकरा वर्षं एकाच आखाड्यात उठून-बसून मी त्यांच्याविषयी एवढंच शिकलो होतो की त्यांच्याकडं पैसे नसतात. आणि त्यांनी नेमक्या त्याच गोष्टीवर डाव लावला. अकरा वर्षं खरं खेळून साठवलेली पत त्यांनी एका रात्री, एका शंभराच्या नोटेबरोबर मधे ठेवली होती. मी तिला घाबरलो. दया कुठंच नव्हती. दया करायला आधी आपण जिंकू शकतो असं वाटावं लागतं. मला तर ते हूल देऊ शकतात हेच वाटलं नव्हतं.

म्हणजे तसं बघितलं तर दुर्री, पंजी, आठ्ठी हेही मामा म्हणतात म्हणून. ती पानं गड्डीत गेली ती गेली. त्या रात्री शंभर रुपये भरले असते तर बघायला मिळाली असती.

“मी शो मागितला असता तर?” मी विचारलं.

“तर गेले असते. बंडीतले उरलेले घेऊन लेकीला साधं लुगडं घेतलं असतं.” मामा म्हणाले. “हूल देनाऱ्यानं ते धरूनच बसाय लागतं.”

पंगतीची पानं मांडायला लागली होती. कुणीतरी आतून मला हाक मारली. मी उठलो आणि परत बसलो.

“अण्णांनी का नाही विचारलं, मामा? तीन पोत्यांचं. पारावर जाऊन विचारलं असतं तर भाव कळला असता.”

मामांनी काठीवर दोन्ही हात ठेवले आणि उठायची तयारी केली.

“मालकांना पानं म्हाईत व्हती. म्हाईत असल्यावर शो कोन मागतंय?”

मी त्यांच्या काखेत हात घातला. आम्ही अंगणात गेलो. पहिल्या पंगतीत, भिंतीला पाठ लागेल अशा जागी मी मामांना बसवलं आणि भाताचं घमेलं घेऊन वाढायला गेलो. ओसरीच्या खांबाला ती तार अजून होती. पावत्यांचे कागद पिवळे पडून एकमेकांना चिकटले होते. खालच्या कुठल्यातरी थरात ती पावती असेल. मी काढून बघितली नाही.